‘द ड्रीमर’ मुलांबरोबर वाचताना: माझा अनुभव

पॅम म्यून्योझ रायन यांची ‘द ड्रीमर’ (२०१०) ही कादंबरी मी सातवी-आठवीच्या वाचनगटांबरोबर वाचते. चिलीतल्या तेमुको गावचा नेफ्ताली रेयेस हडकुळा आहे, बोलताना अडखळतो, दगड-पानं-काटक्या गोळा करतो. त्याच्या डोक्यातली स्वप्नं काढून टाकून त्याला डॉक्टर नाहीतर व्यापारी करायचं वडिलांनी ठरवलेलं आहे. तो पुढे कवी पाब्लो नेरुदा होतो, पण हे पुस्तक शेवटी सांगतं. म्हणून प्रतीला आधी खाकी कव्हर घालावं. नाव कळलं की मुलं निर्धास्त होतात आणि वडिलांच्या दराऱ्याचं ओझं त्यांना जाणवतच नाही.

पानं साडेतीनशेच्या वर असली तरी अक्षर मोठं आहे, पीटर सिस यांची चित्रं भरपूर आहेत. चाळीस मिनिटांच्या तासाला पंधरा-वीस पानं आरामात होतात. मूळ इंग्रजी मोठ्याने वाचायचं आणि अडेल तिथे मराठीत सांगायचं. पावसाचे, आगगाडीचे आवाज मात्र मुलांनीच काढावेत. झेरॉक्सवर हे पुस्तक वाचू नये. नेरुदा हिरव्या शाईने लिहीत, म्हणून छपाईही हिरव्या शाईत आहे. काळ्या झेरॉक्समध्ये ती जातेच, शिवाय सिस यांची बारीक ठिपक्यांची चित्रं काळवंडतात.

मधेमधे एखाद्या पानावर एकटाच प्रश्न येतो. इथे हमखास गाडी अडते. स्वाध्यायाची सवय असलेली मुलं हात वर करतात, बरोबर उत्तर शोधतात. या प्रश्नांना उत्तर नाही. एकाने वाचायचा, थोडं थांबायचं, पान उलटायचं.

सगळ्यात जास्त वेळ मी वडिलांना देते. होसे देल कार्मेन रेयेस रेल्वेत, रुळांवर खडी टाकणाऱ्या गाडीवर होते. तेमुकोकडे पाऊस इतका की स्लीपरांमधली माती वाहून जाते. वेळेवर खडी पडली नाही तर रूळ सरकतात. भर पावसात मजुरांची टोळी घेऊन हे काम करणाऱ्या माणसाला मुलाचं खिडकीत बसून राहणं दिसतं ते दुबळेपणा म्हणून. हे आधी समजावलं नाही, तर मुलं त्यांना सिनेमातला खलनायक करून मोकळी होतात आणि मग पुस्तकात वाचण्यासारखं फारसं उरत नाही. मोठ्या भावाचं, रोदोल्फोचं गाणं तेच बंद पाडतात. स्वतःच्या मुलांना खवळलेल्या समुद्रात पोहायला तेच उतरवतात. हे प्रसंग सौम्य करून वाचू नयेत. सावत्र आई त्रिनिदाद आणि वर्तमानपत्र चालवणारे ओर्लांदोमामा यांच्यामुळे घरात श्वास घ्यायला जागा राहते; मापुचे या तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीचा विषयही मामांमुळेच येतो. तो घाईने उरकू नये, कारण तेमुको हे १८८१ साली मापुचेंच्याच मुलखात लष्करी ठाणं म्हणून वसलेलं गाव आहे.

‘तुमचे बाबा असे आहेत का?’ हे वर्गात कधीही विचारू नये. कुणाचे तरी असतात, आणि ते मूल पुढचे सगळे तास गप्प बसतं. त्याऐवजी प्रत्येकाला एक छोटी वही द्यावी आणि ती आपण उघडणार नाही, तपासणार नाही, असं सांगावं. ते पाळावंही. ज्या कादंबरीत वडील मुलाच्या वह्या जाळतात, ती शिकवताना मुलांच्या वह्यांवर लाल पेन चालवणं मला शक्यच नाही. पालकांना याची कल्पना आधी द्यावी, नाहीतर ‘वहीत काहीच तपासलेलं नाही’ अशी तक्रार येते.

शेवटच्या तासाला कव्हर काढायचं. मग खरे तपशील सांगायचे: जन्म १९०४, पार्राल गावी, आई क्षयाने गेली तेव्हा तो काही आठवड्यांचा होता, १९१७ मध्ये मामांच्या ‘ला मान्याना’त पहिला लेख, १९२० मध्ये, सोळाव्या वर्षी, ‘पाब्लो नेरुदा’ हे टोपणनाव, १९७१ मध्ये नोबेल. कादंबरीतलं काय घडलेलं आणि काय रचलेलं, हा भेदही याच तासाला करावा. आधी केला तर मुलं प्रत्येक पानावर ‘हे खरं का?’ एवढंच विचारत राहतात.

एक गोष्ट पुस्तकाबाहेरची आहे, पण ती मी आवर्जून सांगते. १९२३ साली पहिला संग्रह छापायला पैसे नव्हते, तेव्हा नेरुदांनी आपलं थोडंफार सामान विकलं आणि वडिलांनी समारंभाने दिलेलं घड्याळ गहाण टाकलं. यावर मुलं भांडतात. काहींना ते बरोबर वाटतं, काहींना अजिबात नाही. ते भांडण मिटवू नये. तासाची पंधरा मिनिटं त्यासाठीच राखून ठेवावीत.