टेप घेऊन शाळेत: शाळा व्यवस्थापन समितीतलं माझं पहिलं वर्ष

गेल्या जुलैत लेकीची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी यायला लागली. विचारलं तर म्हणाली, "आई, पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं. तिथे कडी नाही." सहावीतली मुलगी, दुपारची शाळा, सहा तास पाण्याविना. डोकं दुखतं म्हणायची म्हणून मी तिचे डोळे तपासून आणले होते.

शाळा पेठेतली, अनुदानित, जुन्या दगडी इमारतीतली. मुख्याध्यापिकाबाईंना भेटले. त्या चिडल्या नाहीत, पण "जागाच नाही हो, काय करणार" एवढंच म्हणाल्या. ऑगस्टमध्ये शाळा व्यवस्थापन समितीत पालकांची एक जागा रिकामी होती. मी नाव दिलं.

ही समिती नावापुरती असते असं मला वाटायचं. तसं नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्यात समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला. सरकारी शाळांत शाळा विकास आराखडा याच समितीने करायचा असतो; आमच्यासारख्या अनुदानित शाळेत तिचं काम सल्ला देण्याचं. कायद्याच्या शेवटी छोटी अनुसूची आहे, ती मी इतक्यांदा वाचली की पाठ झाली: दर शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींना वेगवेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, अडथळ्याविना प्रवेश, मैदान, कुंपण. खोली किती फुटांची, हे मात्र त्यात नाही. मी तिथेच अडले.

मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही तीन आया टेप घेऊन गेलो. सहावी 'अ'चा वर्ग वीस बाय अठरा, म्हणजे ३६० चौरस फूट. मुलं ५२. एका मुलाच्या वाट्याला सात चौरस फूटसुद्धा नाही, आणि त्यातच बाकं, टेबल, कपाट. सीबीएसईच्या नियमात वर्ग किमान ५०० चौरस फूट आणि मुलामागे किमान एक चौरस मीटर, म्हणजे पावणेअकरा चौरस फूट लागतात. आमची शाळा राज्य मंडळाची, तिला तो नियम लागू नाही. पण मुलांचे खांदे मंडळ बघून रुंद होत नाहीत, म्हणून तो आकडा मी बैठकीत मांडलाच.

हवेचं मोजमाप मला सगळ्यात जास्त पटलं. एका पालकांकडे कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र होतं. पावसामुळे आणि रस्त्यावरच्या हॉर्नमुळे खिडक्या बंद, चारपैकी दोन खिडक्यांपुढे लोखंडी कपाटं. शेवटच्या तासाला आकडा २४०० पीपीएमवर, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २४०० भाग. मोकळ्या हवेत तो साधारण ४२० असतो. बंद खोलीत हजाराच्या वर जाऊ नये, हे म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच सांगितलं होतं. पोरं शेवटच्या तासाला पेंगतात, त्याला आळस म्हणणं मी त्या दिवशी सोडलं. कपाटं हलवली, दाराच्या वरची झडप उघडली, पुढच्या आठवड्यात त्याच तासाला आकडा १३००. खर्च शून्य. हमाली आम्हीच केली.

खोल्यांचा प्रश्न मात्र चार बैठका चालला. अनुसूचीत सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक आहे. सहावीत दोन तुकड्या मिळून १०४ मुलं. म्हणजे तीन शिक्षक, आणि शिक्षकामागे एक, म्हणून तीन खोल्या. बाई म्हणाल्या, "संचमान्यतेत शिक्षक आहेत, खोली नाही." संचमान्यता म्हणजे शाळेला सरकारने मंजूर केलेली शिक्षकांची पदं. खोली होती. वरच्या मजल्यावर, मोडक्या बाकांनी आणि जुन्या मांडवाच्या बांबूंनी भरलेली. भंगार काढायची परवानगी कुणी द्यायची, यावर पत्रं फिरत राहिली. शेवटी मी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज दिला: या खोलीची नोंद कशासाठी आहे? अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं, 'वर्गखोली'. तो एक शब्द पुरला. डिसेंबरात तिसरी तुकडी तिथे बसली.

जिन्यातली कपाटंही त्याच वेळी काढायला लावली. तमिळनाडूतल्या कुंभकोणममध्ये २००४ साली शाळेच्या आगीत ९४ मुलं गेली. त्यावरूनच सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. हे वाचून दाखवल्यावर बैठकीत कुणी वाद घातला नाही.

स्वच्छतागृहाला कड्या दोन दिवसांत बसल्या. इतकं सोपं होतं, याचा मला अजून राग येतो. पण २१० मुलींना तीनच शौचालयं, त्यातलं एक कुलूपबंद. साधारण चाळीस मुलांमागे एक, या हिशेबाने सहा हवीत. कुलूप निघालं, एक नवीन आराखड्यात मंजूर झालं. बाकीची दोन अजून नाहीत.

आता उताराचं काम हातात आहे. पाचवीत एक मुलगा चाकाच्या खुर्चीवर येतो, त्याला रोज दोघं उचलून आत नेतात. पायऱ्या पाच, उंची तीस इंच. एकास बारा, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी, हा उतार धरला तर लांबी तीस फूट होते, आणि अंगण बावीस फुटांचं. मध्ये वळण देऊन बसतो का, ते येत्या शनिवारी मोजणार आहोत.