माती परीक्षणाच्या रिपोर्टसाठी सात आठवडे थांबले त्याची गोष्ट

येत्या वसंतात घरामागे भाज्या लावायच्या हे मी थंडी पडायच्या आधीच ठरवलं होतं. दिवसाला सहा ते आठ तास ऊन येणारी जागा शोधली, चार फूट रुंदीचे वाफे आखले (दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो, आत पाय टाकून माती दाबावी लागत नाही), बियाणं मागवलं, हे सगळं दोन सुट्ट्यांत उरकलं. अडकलं ते माती परीक्षणात.

नमुना मी नीट घेतला होता. पाच-सहा ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करून १५ सेंटीमीटर खोल खड्डा, त्याच्या कडेची माती खरवडून प्लास्टिकच्या बादलीत, मग सगळं एकत्र करून चार भाग आणि समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत करत अर्धा किलो उरेपर्यंत. बादली जस्ताची नको, त्याचा अंश मातीत उतरतो आणि रिपोर्ट चुकतो. पिशवी, चिठ्ठी, फॉर्म, सगळं माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काउंटरवर दिलं, त्यांनी शिक्का मारून घेतलं, दोन आठवड्यांनी या म्हणाले.

दोन आठवड्यांनी गेले तर साहेब जागेवर नाहीत. तिसऱ्या आठवड्यात गेले तेव्हा कळलं की माझी पिशवी तपासलीच नाहीये, कोपऱ्यात तशीच पडलीये, वर लाल पेनाने लिहिलंय "नमुना ओला". आणि फॉर्मवर "पीक" या रकान्यात मी "भाजीपाला" लिहिलं होतं ते पण चालत नाही, एकच पीक लिहा. अहो, मग घेतानाच सांगायचं ना! फॉर्मवर माझा फोन नंबर होता, एक फोन केला असता तर दुसऱ्या दिवशी माती वाळवून आणली असती. काउंटरवरची बाई म्हणाली, "ताई, आम्ही फक्त जमा करून घेतो, तपासणारे वेगळे." ओली माती नको हा नियम बरोबरच आहे, ओलाव्यात जिवाणू काम करत राहतात आणि नायट्रोजनचे आकडे बदलतात, हे मला मान्य आहे. पण तीन आठवडे गप्प बसणं मला मान्य नाही, अजूनही आठवलं की डोकं तापतं.

परत सगळं पहिल्यापासून. यावेळी माती सावलीत कागदावर पसरून चार दिवस वाळवली (उन्हात नाही, गरमही करायची नाही), खडे-मुळं काढली, पीक "टोमॅटो" लिहिलं आणि समोर उभं राहून त्यांच्याकडून पिशवी उघडून बघून घेतली. तुम्हीही हेच करा, लाजू नका. रिपोर्ट यायला अजून चार आठवडे.

थांबलेल्या दिवसांत एक काम चांगलं झालं, काचेच्या बरणीत माती आणि पाणी घालून जोरात हलवून ठेवली. रेती मिनिटभरात तळाला बसते, गाळ काही तासांत, चिकणमातीला दिवस-दोन दिवस लागतात. थर बघूनच कळलं की माझी माती रेताड आहे, पाणी आणि खत धरून ठेवणार नाही, कंपोस्ट भरपूर लागणार.

रिपोर्ट आला, पीएच (माती किती आम्लट ते सांगणारा आकडा, ७ च्या जितका खाली तितकी आम्लट) ५.४. बहुतेक भाज्यांना ६ ते ७ लागतो, त्याच्या खाली स्फुरद (फॉस्फरस) मातीत असून मुळांना मिळत नाही. उपाय चुना, किती टाकायचा ते रिपोर्टवरच लिहून येतं, पण त्याचा असर व्हायला काही महिने जातात! म्हणजे ते सात आठवडे मला किती महाग पडले बघा. तोवर जमीन थंडीने कडक झालेली, चुना मातीत मिसळताच येईना, शेवटी दोन दिवस ऊन पडलं तेव्हा संध्याकाळपर्यंत खणून मिसळला आणि त्या रात्री खरंच शांत झोप लागली. बटाट्याच्या वाफ्यात मुद्दाम नाही टाकला, बटाट्याला आम्लट माती चालते आणि खवल्या रोगही (बटाट्याच्या सालीवर खरखरीत खवले येतात तो) कमी येतो. मात्र गेल्या वर्षी कुंडीत टोमॅटो, मिरची, वांगं यातलं काही असेल तर ती माती बटाट्याच्या वाफ्यात ओतू नका, सगळे एकाच कुळातले, रोगही तेच.

म्हणून माती परीक्षण वसंताच्या तोंडावर नाही, आधीच्या हंगामाची झाडं उपटली की लगेच.

अजून एक राहिलं, जुनं बियाणं असेल तर दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून उबेला ठेवून बघा. माझ्या मागच्या कांद्याच्या दहापैकी तीनच उगवल्या, ते पाकीट टाकून नवीन आणलं. गाजर-मुळ्याची रोपं ट्रेमध्ये करू नका, थेट वाफ्यात पेरा, उपटून लावलं की मुळं फाटे फोडतात. मिरचीचा ट्रे मी कालच भरला, शेवटच्या फ्रॉस्टला (दव गोठवणाऱ्या थंडीला) अजून नऊ आठवडे आहेत, टोमॅटोचा दोन आठवड्यांनी भरणार.