सूर्य पुठ्ठ्यावर उतरला

आज साताऱ्यात आभाळ लख्ख होतं, म्हणून आठवीच्या मुलांना घेऊन शाळेच्या गच्चीवर दुर्बीण लावली. सूर्याकडे दुर्बिणीतून थेट बघायचं नाहीच. फाइंडरला, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला, आधी झाकण. मग नळीची सावली लहानात लहान होईपर्यंत ती हळूहळू हलवायची. जमलं, की मागच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्य उतरतो. डाग स्पष्ट दिसले! एका मुलीने बिंबाभोवती पेन्सिल फिरवली, तर दोन-अडीच मिनिटांत अख्खा सूर्य रेषेबाहेर. पृथ्वी फिरते ती अशी.

मग त्यांना हवाई बेटांवरच्या इनोये सौरदुर्बिणीबद्दल सांगितलं. मुख्य आरसा 4 मीटरचा, जाडी जेमतेम 75 मिलिमीटर. त्याच्याकडून आलेला प्रकाश झेलणारा दुय्यम आरसा मुद्दाम बाजूला ठेवलाय, म्हणजे प्रकाशाच्या वाटेत काही आड येत नाही. पण त्यामुळेच आरशांची जुळणी फार कठीण. आणि उष्णता? रात्री बर्फ करून ठेवतात, दिवसा त्यावर दुर्बीण थंड राखतात. 2020 मध्ये आलेल्या तिच्या पहिल्या फोटोंत सूर्यावरच्या उकळत्या वायूचा एकेक दाणा दिसतो, आपल्या महाराष्ट्राहून मोठा. मुलं गप्पच झाली.

लडाखमध्ये मेराकला 2 मीटरची सौरदुर्बीण उभारायची आपली योजना आहे. तिचे आरसे जुळवणाऱ्यांत साताऱ्याचं एखादं पोर असावं, असं फार वाटतं.