फर्ग्युसनची जमेची बाजू

अमेरिकेतल्या छोट्या नगरपालिकांचे हिशेब तपासणं हे माझं काम. अंदाजित रक्कम, प्रत्यक्ष जमा, तफावत. तफावत किरकोळ असली की टिक करून पान उलटायचं. परवा प्रशिक्षणात मिसुरीतल्या फर्ग्युसनची पानं समोर आली आणि तिथे टिक केली असती का, यावर मी अजून अडलोय.

सेंट लुईस शहराजवळचं गाव; २०१० च्या जनगणनेत वस्ती २१ हजार, ६७ टक्के कृष्णवर्णीय. २०१० च्या आर्थिक वर्षात सर्वसाधारण निधीत १ कोटी ११ लाख डॉलर, पैकी दंड आणि शुल्क १३.८ लाख. २०१५ च्या अंदाजपत्रकात १ कोटी ३३ लाखांपैकी ३०.९ लाख. आठवा हिस्सा चौथाईच्या घरात गेला. मिसुरीत कर वाढवायला मतदारांची मंजुरी लागते. दंडाला कोण विचारतो!

म्हणजे आकडा आधी ठरायचा, गुन्हे मागाहून सापडायचे. पावत्या फाडायचं प्रमाण वाढवा, असं वित्त संचालकांनी २०१० मध्येच पोलिसप्रमुखांना कळवलं होतं. कोर्टाचे कारकूनही त्याच पोलिसप्रमुखांच्या हाताखाली. वसुली आणि न्याय एकाच साहेबाकडे! आमच्याकडे रोखपालाला नोंदवहीसुद्धा लिहू देत नाहीत.

तारखेला गैरहजर राहिलं की नवा दंड, मग वॉरंट. २०१३ या एका वर्षात नऊ हजारांवर वॉरंटं निघाली. एका बाईंचं खातं बघा: २००७ मध्ये चुकीचं पार्किंग, दोन पावत्या, १५१ डॉलर अधिक शुल्क. त्यांनी पाठवलेले २५ आणि ५० डॉलर कोर्टाने परत केले, पूर्ण रक्कमच हवी म्हणून. सहा दिवस कोठडी झाली. २०१४ अखेर भरलेले ५५०, बाकी ५४१. बेरजेत चूक नाही.

केंद्रीय न्याय खात्याचा अहवाल मार्च २०१५ चा. थांबवलेल्या वाहनचालकांत ८५ टक्के कृष्णवर्णीय, पावत्यांत ९०, अटकांत ९३. झडती त्यांची दुपटीहून जास्त, पण बेकायदा वस्तू गोऱ्यांपेक्षा कमी वेळा सापडली. ९ ऑगस्ट २०१४ ला पोलिसाच्या गोळीने मायकेल ब्राऊन हा कृष्णवर्णीय तरुण गेला आणि गाव पेटलं. कॅमेरे आले ते तेव्हा. अंदाजपत्रकं तर त्याआधीही दरवर्षी मंजूर होत होती.

२०१५ मध्ये मिसुरीने कायद्याने नगरपालिकेच्या उत्पन्नातल्या वाहतूक दंडाच्या वाट्याची मर्यादा ३० टक्क्यांवरून २० वर आणली. आमच्या तपासणीच्या नमुन्यात या वाट्याला अजून रकाना नाही. मी तो समासात पेन्सिलीने काढतो.