लोणचं मुरलेली बरणी

"आतून डागाळलीय ताई. कोरी असती तर दुप्पट दिले असते."

रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एक बाई चिनी मातीची बरणी विकायला आल्या होत्या. वर तपकिरी, खाली पांढरट, घरोघरी असायची तीच.

असं म्हणणारा तिथला जुन्या वस्तूंचा विक्रेता जाणकार होता, हे मान्य. आधी टिचकी मारली. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर कुठेतरी तडा. मग उलटी करून बुडाची झिलई नसलेली कड बोटाने चाचपली, शिक्का शोधला. मिळाला नाही.

बाजूच्याच कपाला मात्र शिक्का होता : 'मेड इन ऑक्युपाइड जपान'. म्हणजे महायुद्धानंतर जपान दोस्तराष्ट्रांच्या ताब्यात होता तेव्हाचा माल, फार तर १९५२ पर्यंतचा. त्या इवल्याशा कपाचा भाव बरणीहून जास्त! शिक्क्यामुळे वय कळतं हे खरं, पण दुर्मिळ म्हणावा असा काही तो कप नव्हता.

"डाग कसला, लोणच्याचं तेल आहे ते," म्हणत बाईंनी बरणी पिशवीत परत टाकली.

मला तेच खटकत राहिलंय. जिच्यात कधी लोणचं मुरलंच नाही, ती बरणी जास्त मोलाची कशी?

तुमच्याकडच्या बरणीच्या बुडाला काही छापलंय का? बघून सांगा. शक्य असेल तर फोटोही टाका.