आमची वाटचाल : गोल तो गोलच राहायला हवा

आमचं काम गोलाचं. गोल आरशांच्या सागवानी चौकटी, भिंतीवरची चक्रं, कमळाचे पॅनल. जळगावात छोटा गाळा घेतला तेव्हा यावलचे एक खरादी काका भागीदार होते. लाकूड फिरवत घडवायचा खराद त्यांचा, आखणी माझी. आमचं पहिलं कमळ अजिंठ्याच्या 2 नंबरच्या लेण्यातल्या छतावरून सुचलं. वर्तुळात वर्तुळ, मधे कमळ. मान दुखेपर्यंत बघत बसावं असं ते काम आहे.

अखंड फळीतून गोल कापला की तो टिकत नाही. लाकूड रेषांना आडवं आकसतं-फुगतं, लांबीत जवळपास हलत नाही. आमच्याकडचा मे आणि मागोमाग पावसाळा, गोलाचा लंबगोल झालाच म्हणून समजा. काकांनी चौकट 12 तुकड्यांत बांधली. प्रत्येक टोक 15 अंशांत. टोकामागे पाव अंश चुकला तरी 24 टोकांचे मिळून 6 अंश होतात आणि शेवटचा सांधा तोंड वासतो. म्हणून काका करवतीपेक्षा रंध्यावर जास्त वेळ घालवत.

मग एका दुकानदाराने आमचं कमळ उचललं. एमडीएफवर, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीवर, सीएनसीने, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कापून अर्ध्या भावात विकायला लागला. आमच्या कमळात देठाशी काकांच्या पटाशीची एक तिरकी खूण असते. त्याच्या मालात तीसुद्धा होती! हॉटेलची तयार ऑर्डर त्याच्याकडे वळली, सागवानाची उधारी आमच्या अंगावर. काकांनी खरादाला गिऱ्हाईक बघायला घेतलं होतं.

अमळनेरच्या एका ताईंनी तारलं. आमचा आरसा त्यांनी पावसाळ्याआधी आणि नंतर दोरीने चारी बाजूंनी मोजला आणि फोन केला, "भाऊ, तुमना आरसा अजून गोलच शे." नव्या बंगल्याचे सगळे आरसे सांगितले, पैसे आगाऊ. तोवर त्या दुकानदाराचे बेसिनवरचे आरसे कडेला फुगून परत यायला लागले होते. पुढची वर्षं कामात गेली. आमचं कमळ मात्र त्याच्या शोकेसमध्ये अजून आहे, आणि हे मी विसरणार नाही.

आरसा कुणाकडूनही घ्या, पण एका खिळ्यावर टांगू नका. दोन हूक लावा, म्हणजे फिरत नाही. काचेवर थेट फवारा मारू नका. फडक्यावर मारून पुसा. पाणी कडेतून मागे गेलं की आरसा काळा पडतो.