डोळ्याकडे बघणारा चष्मा बनवताना

स्मार्ट चष्मा म्हटलं की लोकांना फोटो काढणारा, कानात गाणी वाजवणारा चष्मा आठवतो. आमचा उलट दिशेने बघतो. त्यातले दोन चिमुकले इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा प्रकाश टिपणारे, कॅमेरे घालणाऱ्याच्याच डोळ्यांवर रोखलेले असतात. मोटर न्यूरॉनच्या, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशींच्या, आजारात हात जातात, वाचा जाते, पण डोळ्यांची हालचाल बहुतेकांची बरीच उशिरापर्यंत टिकते. नजर जिथे ठरेल ते अक्षर पडद्यावर उमटवायचं, एवढाच उद्योग. कल्पना आमची नव्हे. २००९ साली अमेरिकेत हाच आजार झालेल्या टेम्प्ट वन या ग्राफिटी (भिंतीवर रंगवणाऱ्या) कलाकारासाठी काही मंडळींनी प्लेस्टेशनचा कॅमेरा वापरून 'आयरायटर' नावाचा असाच चष्मा जोडला आणि सगळी कृती लोकांसाठी खुली केली. तिथूनच आम्ही पुण्यात सुरुवात केली.

इन्फ्रारेड कशाला, हे सगळेच विचारतात. आपल्याकडचे डोळे बहुतेक गडद तपकिरी. साध्या कॅमेऱ्यात बुबुळ कुठे संपतं आणि मधली काळी बाहुली कुठे सुरू होते, ते धड दिसत नाही. बुबुळातलं मेलॅनिन दृश्य प्रकाश भरपूर शोषतं, पण इन्फ्रारेडकडे सरकलं की त्याची भूक मंदावते. त्यामुळे तोच डोळा इन्फ्रारेडमध्ये फिकट राखाडी दिसतो आणि मधोमध बाहुली काळ्याभोर टिकलीसारखी उठून येते. पहिल्यांदा हे चित्र बघितलं तेव्हा निम्मं काम झालं असं वाटलं होतं. कसलं निम्मं!

पहिले एलईडी तपकीर गल्लीतून आणले, टीव्हीच्या रिमोटमध्ये असतात ते, ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचे. ८५० चेही वापरून बघितले. कॅमेऱ्याचा सेन्सर ८५० ला जास्त चांगला बघतो, पण ते एलईडी अंधारात मंद लाल दिसतात. डोळ्यापासून बोटभर अंतरावर दिवसभर लाल ठिपका कोण सहन करेल? शिवाय ९४० च्या आसपास हवेतली वाफ सूर्यप्रकाश शोषून घेते, म्हणजे खिडकीतल्या उन्हाचा त्रासही कमी. ९४० ठरलं. उजेडाची तूट भरून काढायला एलईडी सतत न जळता कॅमेऱ्याच्या शटरबरोबरच क्षणभर चमकतील अशी जुळणी केली. त्यासाठी सगळं चित्र एकदम टिपणारा ग्लोबल शटरचा सेन्सर लागतो. मोबाइलमधले बहुतेक कॅमेरे ओळीओळीने टिपतात, ते इथे चालत नाहीत.

सुरक्षिततेवर मात्र आम्ही घासाघीस केली नाही. इन्फ्रारेड दिसत नाही, म्हणून डोळा मिटत नाही. झगझगीत उजेडात पापणी आपसूक मिटते तसा बचाव इथे नाही. दिव्यांच्या उजेडापासून डोळ्यांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या आयईसी ६२४७१ या आंतरराष्ट्रीय मानकात दीर्घकाळ पडणाऱ्या इन्फ्रारेडची मर्यादा चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॅट आहे. आम्ही तिच्या बरंच खाली राहिलो. वर सॉफ्टवेअर अडकलं तरी एलईडी आपोआप विझावा म्हणून वेगळं सर्किट टाकलं, कारण प्रोग्रॅम कधी ना कधी अडकतोच.

खरी झोंबाझोंबी झाली ती नाकाशी. डोळ्याचा गोळा साधारण २४ मिलिमीटरचा. चष्मा एक मिलिमीटर घसरला तर कॅमेऱ्याला वाटतं डोळाच पाच अंश फिरला, आणि साठ सेंटिमीटरवरच्या पडद्यावर नजर पाच सेंटिमीटर भलतीकडे जाते. 'प' बघावा आणि 'ह' उमटावा. यावर उपाय म्हणजे एलईडीचं डोळ्यावर पडणारं प्रतिबिंब. चष्मा हलला की हा चमकता ठिपका बाहुलीबरोबरच सरकतो, नजर फिरली की बाहुली पुढे जाते आणि ठिपका मागे राहतो. म्हणून दोन्हींमधलं अंतर मोजायचं. याने बरंच सावरलं, पण एप्रिलच्या घामापुढे तेही तोकडं पडलं.

मग लक्ष्मी रोडवरच्या एका जुन्या चष्मेवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी आमची थ्रीडी प्रिंट केलेली फ्रेम हातावर तोलली आणि म्हणाले, "नोजपॅड काय बदलताय? चष्मा नाकावर बसतो, पण थांबतो कानामागे." एका साध्या फ्रेमची दांडी गरम करून तिचं टोक कानामागच्या हाडाला लागेल असं वळवून दाखवलं. आमच्या छापलेल्या नायलॉनच्या दांडीला तसं वळण देता येत नव्हतं, म्हणून दांड्या त्यांच्याकडच्याच घेतल्या. प्रोसेसर आणि बॅटरी फ्रेममधून काढून वायरने जोडलेल्या डबीत टाकली. वायर दिसायला वाईट, पण नाकावरचं वजन आणि कानशिलाची गरमी दोन्ही गेली. माझ्या मते या कामात वायरला लाजणारे लोक आधी छायाचित्राचा विचार करतात, माणसाचा नंतर.

ज्यांच्याकडे चाचणी चालली होती ते एक निवृत्त शिक्षक, त्यांना सर म्हणतो. सर बहुतेक वेळ उशीला टेकून असायचे आणि उशी दांडीला मागून ढकलायची. टोकं पुन्हा आखूड करून मागे मऊ पट्टा लावला. कॅमेरे आधी भुवईपाशी होते, पण खाली बघताना वरची पापणी बाहुली झाकायची. म्हणून ते खाली आणले, गालाच्या बाजूला. आता सर हसले की गाल वर येतो आणि नजर तुटते. हसणं संपेपर्यंत थांबायचं, असं सॉफ्टवेअरला शिकवलं.

ऑफिसातल्या मैत्रिणींवर चाचणी घेतली तेव्हा काजळाने गोंधळ घातला. काजळी इन्फ्रारेडमध्येही काळीकुट्टच राहते, आणि प्रोग्रॅमला पापणीवरची रेघ बाहुलीपेक्षा जास्त आवडली. गोल आकार आणि जवळ चमकता ठिपका, दोन्ही असतील तरच बाहुली मानायची, असा नियम घातल्यावर ते मिटलं.

सरांच्या मुलाने एक रास्त प्रश्न विचारला: "आधारला बुबुळं स्कॅन करतात, तसंच हे नाही ना?" प्रकाश जवळपास तोच, आणि चित्र पुरेसं स्पष्ट असेल तर ओळख पटवण्याइतका तपशील त्यात असतो. म्हणून डोळ्याचं चित्र डबीतच वापरून पुसायचं आणि बाहेर फक्त नजरेचे दोन आकडे पाठवायचे, असं ठरवलं. चाचणीची चित्रं तेवढी लेखी संमतीने ठेवली.

कीबोर्डला मी सगळ्यात जास्त डोकं लावलं. आमची अचूकता एक अंश, म्हणजे पडद्यावर एक सेंटिमीटर. बटण निदान तीन सेंटिमीटरचं हवं. लॅपटॉपवर अशी बटणं मांडली तर व्यंजनं, स्वर आणि मात्रा एका पानावर मावत नाहीत. म्हणून बाराखडीच वापरली: 'क' वर नजर ठेवली की का, कि, की, कु अशी त्याची रांग उघडते, जोडाक्षराला पाय मोडण्याचं वेगळं बटण. सरांना समजवावंच लागलं नाही. अडचण वेगळीच आली. विचार करताना माणूस कुठेतरी बघतोच, आणि बघेल तिथलं अक्षर उमटतं. उजवा कोपरा कोरा सोडला, विचार तिथे करायचा.

तरी सगळी अक्षरं पहिल्या पानावर मावेनात, म्हणून 'ळ' मी दुसऱ्या पानावर टाकला होता. सरांच्या पत्नी, काकू, शेजारी बसून बघत होत्या. "अहो, वेळ, बाळ, सगळं, सकाळ... प्रत्येक वेळी पान उलटायचं का यांनी?" दुसऱ्या दिवशी 'ळ' पहिल्या पानावर आला आणि त्याच्या जागी 'ङ' आणि 'ञ' मागे गेले. त्याबद्दल अजून कोणाची तक्रार आलेली नाही.